पन्नास सह्यांची सनद

चार माणसे एकत्र आली, एक फलक टांगला आणि रबरी शिक्का करून घेतला की जनतेच्या वतीने निवेदने धाडण्यास आज कोणालाही मुभा असते. जनतेने हे वकीलपत्र दिले कधी, असे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात पुण्यातील एका वकिलाला मात्र हा प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर त्याने कागदावर, सह्यांनिशी तयार ठेवले होते. हे वकील म्हणजे गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो सार्वजनिक काका या नावाने.

काका मूळचे साताऱ्याचे. जन्म १८२८ सालचा. पेशवाई बुडून तेव्हा पुरी दहा वर्षे झाली होती. पुण्यात वकिलीत त्यांचा जम बसला, आणि तेथेच पर्वती संस्थानाचे प्रकरण उपस्थित झाले. पेशव्यांच्या या देवस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता. त्याविषयी लोकांत असंतोष माजला, तरी त्या लोकांचे गाऱ्हाणे अधिकारवाणीने मांडणार कोण? सरकारला लोकांचे मन कळत नव्हते, आणि लोकांच्या वतीने बोलणाऱ्यास लोकांचा आधार आहे की नाही, याचाही पुरावा नव्हता. या अडचणीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली.

तिच्या नियमांपैकी एकच नियम येथे सांगण्याजोगा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभी असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मतपेटी ही वस्तू या देशात सामान्य माणसाने पाहिलीही नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे. पन्नास सह्या मिळवायच्या तर पन्नास उंबरठे झिजवावे लागत. सही करणाऱ्यास आपण कोणाला व कशासाठी मुखत्यार नेमतो हे समजावून घ्यावे लागे, आणि एकदा सही दिली म्हणजे उद्या रस्त्यात गाठून जाब विचारण्याचा हक्कही त्याचाच. दुसऱ्याच्या वतीने कोर्टात उभे राहावयाचे तर आधी वकीलपत्र लागते, हा काकांच्या धंद्यातील पहिला धडा. सार्वजनिक कामाला त्यांनी तोच लावला असे वाटते.

पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यास आले. सभेच्या अर्जांमागचे आकडे आणि युक्तिवाद बव्हंशी त्यांचे, यात शंका नाही. परंतु रानडे पडले सरकारी नोकर. उघडपणे वावरणे, माणसे जोडणे, ही कामे काकांची होती. सभेचा इतिहास सांगताना विचाराचे माप पदरी पूर्ण पडते आणि पायपिटीचे मात्र अपुरे, हा आपला जुनाच दोष आहे.

काका स्वतः या नियमातून सुटले नाहीत. स्वदेशीचा पुरस्कार करावयाचा तर आधी आपल्या अंगावर, म्हणून १८७२ साली त्यांनी हातसुताच्या खादीचे व्रत घेतले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते गेले तेही त्याच जाड्याभरड्या वेषात. राजेरजवाड्यांच्या जरतारी पोशाखांत ते उठून दिसले असतील ते निराळ्या कारणाने. पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांची सभा काढली, हेही विसरता कामा नये.

त्याच सुमारास दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ या काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रे पाठविली. दुष्काळी कामावरील मजुरी १८७७ च्या आरंभी सरकारने कमी केली, तेव्हा सभेने विरोध नोंदविला. तपशील खरा असल्याने तो झिडकारणे अधिकाऱ्यांना सोपे नव्हते.

तथापि ते सहा हजार म्हणजे सारे लोक नव्हेत. सभेत सरदार, सावकार, वकील, पेन्शनर यांचा भरणा होता आणि त्यातही ब्राह्मणांचा वरचष्मा. शूद्रातिशूद्र ज्या सभेत नाहीत ती सार्वजनिक कशी, हा महात्मा फुले यांचा आक्षेप बिनतोड होता. मुखत्यारपत्राचे तत्त्व मान्य केले की हा आक्षेपही मान्य करावाच लागतो. कारण ज्यांच्याकडे सही मागावयास कोणी गेलेच नाही, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याच तत्त्वाने नाकारला जातो. सभेने याचे समाधानकारक उत्तर दिले, असे म्हणवत नाही.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सशस्त्र बंड हा काकांचा मार्ग नव्हता. त्यांची सारी हयात अर्ज, पुरावा आणि सनदशीर वाद यांत गेली होती. फडक्यांचा कैवार घेणे म्हणजे सरकारचा संशय ओढवून घेणे, आणि तो संशय सभेवरही पडण्याचा संभव. वकीलवर्ग मागे सरला. अशा वेळी काका फडक्यांच्या बचावासाठी कोर्टात उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढील वर्षी, २५ जुलै १८८० रोजी काका वारले. सभा त्यावेळी दहा वर्षांची होती.