पाश्चर यांचे दोन प्याले

कर्जत-खालापूरकडच्या रस्त्याला ताडाची झाडे दिसली की मुलांना ताडगोळे आठवतात. वडीलधाऱ्यांना ताडीही आठवते, पण ते मुलांसमोर बोलत नाहीत! पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढले की त्याला फेस येतो आणि दुपारपर्यंत त्याची आंबट ताडी होते. हे असे का होते, त्याचा उलगडा करणाऱ्या माणसाचे नाव आपण रोज दुधाच्या पिशवीवर वाचतो.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा. वडील कातडी कमावणारे, नेपोलियनच्या फौजेतले जुने सार्जंट. बालपण गेले ते पूर्व फ्रान्समधल्या आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात. दूध आंबते ते सूक्ष्म जीवांमुळे, हे त्यांनी १८५७ मध्ये मांडले. पुढे १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्यावर वाइनच्या रोगांचा शोध सोपवला. परदेशी जाणारी वाइन वाटेतच आंबट, कडू नाहीतर चिकट होत होती. श्रीमंतांच्या तळघरातली जुनी वाइनच नव्हे, तर खलाशांना शिध्यात मिळणारी साधी, स्वस्त वाइनही यात नासे.

सुट्टीत पाश्चर आर्ब्वाला गेले आणि एका जुन्या कॉफीच्या दुकानात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. गॅस नव्हता, कोळसे आणि भाता होता. उपकरणे गावच्या कारागिरांनी घडवली. नासलेल्या वाइनच्या थेंबात त्यांना जंतू दिसले. त्यांनी उपाय सुचवला तो असा: हवा लागू न देता वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची.

आपल्याला कुणी पिकलेला हापूस उकडून खा म्हटले तर कसे वाटेल? फ्रेंचांना तसेच वाटले. मग पाश्चर यांनी जाणकारांपुढे तापवलेल्या आणि न तापवलेल्या वाइनचे प्याले ठेवले. मते जुळेनात. यात कल्पनेचाच भाग अधिक असावा, अशी त्यांना शंका आली. एकदा त्यांनी गुपचूप दोन्ही प्याल्यांत एकच वाइन ओतली. जाणकारांना तरीही फरक जाणवला! चहाच्या दोन कपांवरून आपल्याकडे होणारे वाद आठवून मला या प्रसंगाचे नेहमी हसू येते.

त्यांच्या घरात मात्र हसू उरले नव्हते. थोरली मुलगी झान १८५९ मध्येच विषमज्वराने गेली होती. जून १८६५ मध्ये वडील गेले, सप्टेंबरात धाकटी कामिय, आणि पुढच्या मे महिन्यात सेसिल, तीही विषमज्वराने. वाइनवरचा ग्रंथ त्याच १८६६ सालचा आहे. वाइन नासवणारा जंतू सापडला होता. मुलींना नेणारा नव्हता. पुढचे सारे आयुष्य ते रोगजंतूंच्या मागे लागले, ते या दुःखामुळेच असावे, असे मला वाटते.

ऑक्टोबर १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्याच सुमारास आरमाराच्या 'झां बार' जहाजावर दोन्ही प्रकारची वाइन चढवण्यात आली होती. दहा महिन्यांनी पाहिले, तर तापवलेली निवळशंख आणि मऊ होती. दुसरी आंबू लागली होती. या पद्धतीचे पेटंट पाश्चर यांनी घेतले होते, पण ते सर्वांना खुले करून टाकले.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस १८८५ ची. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते वारले. त्यांच्या संस्थेतून आलेले हाफकिन पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगच्या लसीसाठी झटत होते.

आणि आपली नीरा? ती टिकावी म्हणून ताडाला बांधायच्या मडक्याला आतून चुना फासतात. चुना नसला की न्याहारीपर्यंतच ती फसफसू लागते.