खेचरांच्या गाडीतली शेतीशाळा

डॉ. कार्व्हर हे नाव आपल्याकडे नवीन नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि महाराष्ट्रभर वाचले गेले. भुईमुगापासून नाना वस्तू करणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे मोठे काम बांधावर झाले, आणि ते शेतकऱ्याने, ग्रामसेवकाने, शाळेच्या गुरुजींनी समजून घ्यावे असे आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेच्या मिसुरी राज्यात एका शेतावर झाला. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. तान्हा असताना लुटारूंनी त्याला आईसकट पळवले. मालक मोझेस कार्व्हर यांनी एक घोडा देऊन मूल परत मिळवले. आईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि त्यांच्या पत्नीनेच जॉर्जला वाढवले. प्रकृती तोळामासा, त्यामुळे जड कामातून सुटका. मग पोरगा दिवसभर रानात. झाडे, दगड, किडे गोळा करायचा. शेजारीपाजारी आपली आजारी रोपे त्याला दाखवू लागले. शिवार ही त्याची पहिली शाळा. पाटी-पुस्तक नंतर आले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना घेत नसत. म्हणून लहान वयात त्याने घर सोडले. लोकांचे कपडे धुवून, स्वयंपाक करून शिकत राहिला. १८८५ साली कॅन्सासमधल्या एका कॉलेजने कागदावर प्रवेश दिला, पण समोर उभा राहिल्यावर रंग पाहून परत पाठवले. शेवटी १८९१ मध्ये आयोवाच्या कृषी महाविद्यालयात तो पहिला काळा विद्यार्थी ठरला. १८९४ ला पदवी, १८९६ ला पदव्युत्तर पदवी. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामा राज्यातल्या टस्कीगी संस्थेत शेती शिकवायला आले.

तिथली परिस्थिती कशी होती? जिकडे बघावे तिकडे कापूस, अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत. बरेचसे काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन बटाईने करत. बियाणे, पीठ-मीठ सगळे उधारीवर. कापूस विकला तरी उधारी फिटायची नाही. वर्षानुवर्षे एकच पीक घेऊन माती दमली होती, पावसात धुपत होती. अशा माणसाला विकतचे खत टाक म्हणून सांगून काय उपयोग?

कार्व्हर यांनी बिनपैशाची वाट धरली. संस्थेत प्रयोगशाळा नव्हती, तर विद्यार्थ्यांना घेऊन भंगारातून बाटल्या, बरण्या वेचून आणल्या आणि त्यावर काम सुरू केले. रोज पहाटे ते रानात फिरत, नमुने आणत. मुलांनाही झाड, किडा, माती हातात घेऊन ओळखायला लावत. आसपासच्या रंगीत मातीपासून घराच्या भिंतींना रंग काढून दाखवला. खेड्यातल्या शाळांत निसर्ग आणि बागकाम कसे शिकवावे यावर १९१० साली पुस्तिका काढली.

शेतकऱ्यांसाठी संस्थेत दर महिन्याला मेळावा भरे. पडीक जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी प्रयोग मांडले होते. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून खत करायचे. कापसाच्या फेरपालटात चवळी, भुईमूग, रताळी घ्यायची. चवळी आणि भुईमूग हवेतला नत्र जमिनीत आणतात, शिवाय घरात खायलाही होतात.

पण ज्याच्याकडे यायला वेळ नाही, त्याचे काय? त्यासाठी १९०६ साली गाडी निघाली. पैसा मॉरिस जेसप या धनिकाने दिला, गाडी टस्कीगीच्या विद्यार्थ्यांनी बनवली. नांगर, बियाणे, खताचे नमुने, दूध-लोण्याची साधने लादून ही खेचरांची गाडी गावोगाव हिंडू लागली. थॉमस कॅम्पबेल हे गाडीसोबत जात. शेतकऱ्याच्याच शेतात उभे राहून सगळे करून दाखवायचे, अशी ही रीत. आपण ज्याला कृषी विस्तार म्हणतो, त्याची ही सुरुवातीची चाके. १९१८ मध्ये खेचरांच्या जागी मोटार आली.

कार्व्हर यांनी सगळे बदलले, असे मात्र म्हणता येणार नाही. काय पेरायचे हे पुष्कळदा जमीनमालक ठरवी, आणि त्याला कापूसच हवा असे. कर्जाची गाठ चवळीने सुटली नाही. पण घरच्या ताटात चार घास वाढले, आणि आपली माती आपण सुधारू शकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर वारले. साठवलेला पैसा त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकला होता.

तेव्हा मंडळी, शिवारफेरी नुसती कागदावर आणि फोटोपुरती नको. पीक फुलोऱ्यात असताना शाळेची मुले आणि गावकरी मिळून बांधावर जा. भुईमुगाचे वा चवळीचे एक झाड मुळासकट अलगद खणून काढा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्राचे काम चालू आहे. फिकट, हिरवट असेल तर नाही. मग बांधाच्या झाडाखालची एक कुदळ माती आणि वावरातली एक कुदळ माती शेजारी ठेवा. रंग बघा, वास घ्या, गांडुळे मोजा. दोन्हीत फरक दिसला, तर पाचट आणि काडीकचरा जाळायचा की कुजवायचा यावर तिथेच उभ्या-उभ्या बोला. या शाळेला फी नाही, आणि शिवार तर आपलेच आहे.