घोटीतली एक रात्र आणि ६१७४

मित्रांनो, आधी एक कोडं घ्या. घोटीत आषाढाचा पाऊस धो धो कोसळतोय. एक माणूस स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत चालत गेला. छत्री नाही, रेनकोट नाही, डोक्यावर इरलंसुद्धा नाही. तरी त्याचा एक केसही भिजला नाही. कसं काय?

सुटलं? सोप्पं आहे, त्याला टक्कल होतं! आमच्या चौकडीने मात्र या कोड्यावर अर्धा तास घालवला होता. पाऊस कसा थांबला असेल, तो कुठल्या दुकानांच्या पत्र्याखालून गेला असेल, यावर नुसता वाद. माणसाकडे कुणी बघेचना.

आम्ही चौघं शाळेपासूनचे दोस्त. एकाच्या घरची राइस मिल, एकाचं मोबाइलचं दुकान, एक नाशिकला बीएस्सी करणारा आणि मी इंजिनिअरिंगवाला. घोटीत पावसाळ्यात लाइट गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. मग राइस मिलच्या ओट्यावर बसायचं, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या आणि एकमेकांना कोडी घालायची, हा आमचा जुना उद्योग. त्यात मी कायम घाईचा. दोन मिनिटांत नाही सुटलं की उत्तर सांगून टाक राव, म्हणून मागे लागणार.

त्या वर्षी मी घरी आलो तो तोंड पाडूनच. एम-थ्रीला केटी लागली होती. घरात कुणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. गणित आपल्या डोक्यात शिरत नाही, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

अशाच एका रात्री बीएस्सीवाल्याने कोडं टाकलं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उरेल त्याचं पुन्हा तसंच. राइस मिलवाल्याने १६४६ सांगितली, कारण आमच्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मोबाइलच्या उजेडात मी बिलाच्या पाठीमागे मांडायला लागलो. ६६४१ वजा १४६६ म्हणजे ५१७५. पुढे ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. ६१७४ चं पुन्हा केलं, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४! मग सगळ्यांनी आपापल्या गाडीचे नंबर घेतले. प्रत्येकाची गाडी येऊन त्याच स्टेशनवर थांबली. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधी लागत नाहीत, असं त्याने सांगितलं.

असं का होतं ते सांग, मी नेहमीप्रमाणे म्हणालो. त्याने साफ नकार दिला. एवढंच म्हणाला की हे शोधून काढणारा माणूस इथून तासाभरावर, देवळालीला मास्तर होता. मला वाटलं, फेकतोय. दुसऱ्या दिवसापासून मी त्या मास्तरांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हणजे आकडेमोड आलीच, तेव्हा मुलाला संख्यांची गोडी घरातूनच लागली. ठाण्याच्या शाळेत असताना हा मुलगा तासन् तास कोडी सोडवत आणि भराभर हिशेब करण्याच्या युक्त्या शोधत बसायचा. म्हणजे आम्ही ओट्यावर करायचो तेच! फरक एवढाच, की आमची लाइट आली की आम्ही उठायचो. त्यांनी ती बैठक पुढे जवळजवळ सत्तर वर्षं मोडली नाही.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये तिथे रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस त्यांना मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. आणि बस्स, डिग्र्या तिथेच संपल्या. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. १९३० पासून देवळालीच्या शाळेत मास्तरकी सुरू झाली ती १९६२ ला रिटायर होईपर्यंत.

पण शाळा सुटली तरी सरांचं डोकं सुटत नसे. रेल्वेतसुद्धा नाही. १, १२१, १२३२१ हे अनुक्रमे १, ११ आणि १११ चे वर्ग. अशा एका संख्याकुळाला त्यांनी डेम्लो संख्या असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली! त्या स्टेशनवर ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव. डोंबिवली, घोटी, देवळाली सगळी एकाच रेल्वेमार्गावर. देवळालीहून मुंबईला जाता-येता सरांची गाडी आमच्या घोटीवरूनच गेली असणार, या विचाराने मला उगीचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

त्यांच्या संख्यांची नावंही बघा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ १२, बेरीज ३, भाग जातो. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते, जशी २१ पासून २४. पण २० कुणापासूनच तयार होत नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटलं. आणि कापरेकर संख्या? ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० अधिक २५, पुन्हा ४५!

६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडली आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. वाहवा झाली असेल असं आपल्याला वाटतं. तसं काही झालं नाही. बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटायचा. शाळामास्तर, त्यातून नुसती बीएस्सी. सर मात्र परिषदांना जात राहिले, पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापत राहिले. १९६६ साली पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. तेव्हाही आकडे सुटले नाहीत.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचं सदर लिहायचे, त्यात त्यांनी देवळालीच्या या मास्तरांवर लिहिलं. गंमत म्हणजे गार्डनर यांची स्वतःची पदवी तत्त्वज्ञानाची! एका कोडीवेड्याला दुसऱ्याने ओळखलं. सर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ साली ते गेले. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि घोटीत शिकून बारावी झालेल्या मला त्यांचं नाव ओट्यावर कळलं.

हे वाचून झालं त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. उत्तर कुणाला विचारायचं नाही असं ठरवलं. मोठ्याकडून लावलेले आकडे अ, ब, क, ड धरले आणि वजाबाकी मांडली. उरतं ते ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). बराच वेळ नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं, चार आकड्यांशी मतलबच नाही, मतलब आहे दोन फरकांशी! पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. म्हणजे हजारो संख्या घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर उरतात फक्त ५४. तेवढ्या तर हाताने तपासता येतात. तपासल्या. पहाटे शेवटचीही ६१७४ वर आली, तेव्हा बाहेर पाऊस चालूच होता. टकल्याच्या कोड्यात आम्ही माणूस सोडून पाऊस बघत होतो, इथे फरक सोडून आकडे बघत होतो, एवढंच.

एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला. त्याचं श्रेय कापरेकर सरांना दिलं तर थाप होईल, त्यासाठी मला रीतसर घासावी लागली. पण गणित माझ्या डोक्यात शिरत नाही, हे वाक्य त्या पहाटेनंतर मी म्हटलं नाही. कारण त्या रात्री मला कुणी मार्क देणार नव्हतं, तरी मी उठलो नव्हतो.

आता तुमची पाळी. सरांचं जन्मसाल १९०५ घ्या आणि करा सुरुवात. किती पायऱ्या लागतात ते मी सांगणार नाही. आणि हो, तीन आकडी संख्या घेतली तर गाडी कुठल्या स्टेशनवर थांबते, तेही बघा. उत्तरासाठी माझ्या मागे लागू नका राव!