सुंडबॉर्नचा चित्रकार

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम. या शहरातील एका अंधाऱ्या, गलिच्छ वस्तीत कार्ल लार्सनचे बालपण गेले. त्याचा जन्म २८ मे १८५३ रोजी झाला. वडील मोलमजुरी करीत, पण ते फार कठोर होते. आई दिवसभर लोकांचे कपडे धुऊन मुलांच्या मुखी घास घालीत असे. अशा घरात चित्रकलेचे नाव कोण काढणार? परंतु गरिबांच्या शाळेतील एका शिक्षकांनी या मुलाच्या बोटांतील गुण हेरला. त्यांच्याच आग्रहामुळे कार्ल तेराव्या वर्षी राजधानीतील कला-अकादमीत दाखल झाला.

पुढे व्यंगचित्रे काढून त्याने आईवडिलांना हातभार लावला. १८७७ मध्ये तो पॅरिसला गेला. तैलरंगांत भव्य चित्रे काढून नाव मिळवावे, ही त्याची आकांक्षा. पण यश काही येईना. निराश होऊन १८८२ मध्ये तो ग्रे नावाच्या फ्रेंच खेड्यात राहावयास गेला. तेथे त्याने तैलरंग बाजूला सारले आणि जलरंग हाती घेतले. तेथेच भेटलेल्या कारिन या चित्रकर्तीशी १८८३ मध्ये त्याचा विवाह झाला.

१८८८ मध्ये कारिनच्या वडिलांनी या दांपत्यास सुंडबॉर्न गावातील एक लहानसे लाकडी घर दिले. फालूनच्या तांब्याच्या खाणीतील मातीपासून केलेल्या तांबड्या रंगाने रंगविलेले ते घर, जवळून वाहणारी नदी आणि भोवती भूर्जवृक्षांची पांढरी खोडे! उत्तरेकडील त्या प्रदेशात उन्हाळ्यातील रात्रीही पुरता काळोख होत नाही. तो कोवळा प्रकाश दाट रंगांत कसा सापडावा? कार्ल बारीक रेषेने आकृती काढी, तीवर फिकट हिरवा, पिवळा, गुलाबी रंग पातळ करून लावी आणि कागदाचा पांढरेपणा जागोजागी तसाच राहू देई. भूर्जवृक्षाखाली न्याहारीस बसलेल्या कुटुंबाचे त्याचे चित्र पाहावे, म्हणजे सकाळचा गारवासुद्धा जाणवतो. एका उन्हाळ्यात पावसाची झड लागली, तेव्हा कारिनच्या सूचनेवरून त्याने घराच्या आतील भागाचीही चित्रे काढली. १८९९ मध्ये ही चित्रे पुस्तकरूपाने निघाली आणि घरोघरी पोहोचली.

भव्य चित्राची जुनी आस मात्र सुटली नव्हती. राष्ट्रीय संग्रहालयाच्या भिंतीसाठी त्याने १९१५ मध्ये एक प्रचंड तैलचित्र पूर्ण केले, परंतु संग्रहालयाने ते नाकारले. हा घाव त्याच्या जिव्हारी लागला. २२ जानेवारी १९१९ रोजी फालून येथे तो निवर्तला. १९९७ मध्ये संग्रहालयाने तेच चित्र विकत घेतले आणि मूळ ठरलेल्या भिंतीवर लावले. सुंडबॉर्नचे घर पाहावयास तर आजही दूरदूरचे लोक येतात.