डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बधिर झालेला ओठ

आमच्या सिरोंच्यात अंगावर चट्टा उठला आणि तिथे टाचणी टोचलेली कळेना, की म्हातारी माणसंसुद्धा कुष्ठरोगाची शंका घेतात. पण खर्रा खाणाऱ्याचा ओठ बधिर झाला तर? चुन्यानं झालं असेल, म्हणून सोडून देतात. या दोन्ही रोगांचा अभ्यास एकाच मराठी माणसानं केला होता.

डॉ. खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा, घराणं गोमंतकीय. 1923 साली लंडन विद्यापीठातून ते पॅथॉलॉजीत एम. डी. झाले. मुंबईत ग्रँट आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजांत त्यांनी शिकवलं, म्हणजे तेही मास्तरच! 1941 साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. 1944 मध्ये त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या सलग 1000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याच्या सवयीशी या रोगाचं नातं त्यांनी तेव्हाच तपासलं होतं.

कुष्ठरोगात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की जंतू त्वचेतल्या बारीक नसांत शिरतात आणि नसेतूनच पुढे सरकतात. संवेदना जाते ती त्यामुळे. कॅन्सरमध्ये जंतू नसतो, पण गाठही नसेला धरून पसरू शकते. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस दबली की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. वरच्या जबड्यातली दबली की गाल. कधी स्तनाचा किंवा रक्ताचा कॅन्सर जबड्यापर्यंत पोचल्याची पहिली खूणही हीच असते. दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. दाढ काढल्यावरही ओठ बधिर राहू शकतो, तेव्हा लगेच घाबरायचं कारण नाही. पण कारण सापडेपर्यंत तपासणी सोडायची नाही. अचानक अर्धा चेहरा बधिर झाला, तोंड वाकडं झालं, तर तो लकवा असू शकतो. तिथे तासभरही थांबू नये.

पुढे 1952 साली भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. 1960 ते 1963 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. 29 ऑक्टोबर 1978 ला ते गेले.

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर, त्यामुळे इथला माणूस दुखल्याशिवाय निघत नाही. मज्जासंस्थेचा धडा शिकवताना मी मुलांना डोळे मिटायला सांगतो आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कापूस लावतो. दोन्हीकडे सारखंच कळतं का, हे घरी आजोबांनाही विचारून या, एवढाच गृहपाठ.