डॉक्टर भाऊ दाजी लाड

गेल्या पावसाळ्यांत सोलापुरापासून कांहीं कोसांवर असलेल्या एका मंडळीस भेट देण्याचा योग आला. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशक मला एका घरीं घेऊन गेले. घरची बाई विड्या वळून संसार चालविते. तिच्या डाव्या मनगटाजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा होता आणि त्या हाताची करंगळी आंत वळूं लागली होती. दोन वर्षें तिनें तो चट्टा पदराखालीं झांकून ठेविला होता. भाकरी भाजतांना तव्याचा चटका बसला तरी तिला कळलें नाहीं. फोड पाहून शेजारणीनें विचारलें, तेव्हां गोष्ट उघड झाली. घरांत तिचें ताट वेगळें झालें, आणि प्रभुभोजनाचा प्याला तिच्या ओठांस लागावा कीं नाहीं, याविषयीं मंडळींत कुजबुज सुरू झाली. आपण मंडळीस काय सांगावें, असें उपदेशकांनीं मला विचारलें. त्या बाईला मीं आधीं सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखविला. पण या रोगासाठीं झटलेल्या एका थोर मराठी गृहस्थाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें तेव्हांपासून मनांत होतें. ते गृहस्थ आपल्या धर्माचे नव्हते. तथापि त्यांची हकीकत आपल्या मंडळ्यांनीं जाणावी अशी आहे.

भाऊ दाजी यांचें पूर्ण नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म इ. स. १८२२ च्या सुमारास गोमंतकांतील मांद्रें गांवीं झाला. घरची स्थिति अगदीं बेताची. मुलगा बुद्धिबळें खेळण्यांत विलक्षण हुशार होता. त्याचा खेळ एका इंग्रज गृहस्थाच्या पाहण्यांत आला व या मुलास इंग्रजी विद्या द्यावी असें त्यानें वडिलांस सुचविलें, अशी गोष्ट सांगतात. वडिलांनीं तें मनावर घेतलें आणि ते मुलाला घेऊन मुंबईस आले. एल्फिन्स्टन विद्यालयांत भाऊंचें शिक्षण झालें व पुढें तेथेंच त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. कच्छ व काठेवाड या प्रांतांत जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची घोर चाल त्या काळीं होती. तिजवर उत्तम निबंध लिहिणारास सहाशें रुपयांचें बक्षीस लागलें होतें. तें भाऊंनीं मिळविलें. शिक्षकाची नोकरी, नांवलौकिक, बक्षीस, एवढ्यावर पुष्कळांचें समाधान झालें असतें.

परंतु १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, त्याच्या शेजारींच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचें रुग्णालय उभें राहिलें, आणि भाऊंनीं शिक्षकाची खुर्ची सोडून पुन्हां विद्यार्थ्यांचा बांक धरला. प्रेताला हात लावणें हा विटाळ मानला जात असे, त्या काळांतली ही गोष्ट आहे. कॉलेजांतून परीक्षा उतरून जे पहिले विद्यार्थी बाहेर पडले त्यांत भाऊ होते. १८५१ सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःचा धंदा सुरू केला व थोडक्याच वर्षांत मोठमोठ्या घरांतून त्यांस बोलावणीं येऊं लागलीं. गरिबांसाठीं त्यांनीं धर्मार्थ दवाखाना चालविला. त्यांचे धाकटे बंधु नारायण दाजी हेही डॉक्टर झाले.

त्यांच्या सार्वजनिक कामांची यादी फार लांब आहे. ती येथें सारी देत नाहीं. १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनच्या चालकांत ते होते, मुंबईच्या विश्वविद्यालयाचे ते आरंभींचे फेलो होते, मुलींच्या एका शाळेला त्यांचें नांव मिळालें, आणि १८६९ व १८७१ अशा दोन सालीं ते मुंबईचे शेरीफ झाले. जुने शिलालेख वाचण्याचा त्यांस मोठा नाद होता. भायखळ्याच्या राणीबागेंतील वस्तुसंग्रहालयासाठीं त्यांनीं बहुत खटपट केली. त्याच संग्रहालयास १९७५ सालापासून त्यांचें नांव आहे.

पण एक प्रसंग मात्र विस्तारानें सांगितला पाहिजे. १८६२ सालीं मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयांत एक मोठा खटला चालला. करसनदास मुळजी नांवाच्या गुजराती पत्रकारानें वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचाराविषयीं आपल्या पत्रांत लिहिलें होतें, आणि यदुनाथजी महाराज यांनीं त्याच्यावर बेअब्रूची फिर्याद आणली होती. महाराजांविरुद्ध बोलणारास जातीबाहेर टाकण्याची भीति होती. अशा वेळीं भाऊ दाजी साक्षीस उभे राहिले. महाराज मंडळींपैकीं ज्यांना आपण औषध दिलें त्यांस उपदंश झाला होता, हें त्यांनीं शपथेवर सांगितलें. (रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांचीही त्या खटल्यांत साक्ष झाली.) उपदंश म्हणजे ज्याला लोक गरमी म्हणतात तो. त्याचा जंतु १९०५ सालीं जर्मनींत सांपडला. तो प्रथम त्वचेवर व्रण आणतो, मग वर्षांनुवर्षें दडून राहतो, आणि उपचार न झाल्यास कित्येकांच्या मेंदूवर व मज्जातंतूंवर घाला घालतो. रोग्याचें गुह्य चव्हाट्यावर आणणें डॉक्टराला शोभत नाहीं, हें मी जाणतों; आणि भाऊंनाही तें कळत असलेंच पाहिजे. पण ज्यांच्या घरांतील सुना-लेकी त्या महाराजांच्या पायांशीं पाठविल्या जात, त्यांच्यासाठीं तें सत्य कोणी तरी बोलणें अवश्य होतें. खटल्याचा निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला.

आतां महारोगाकडे वळूं. आजचा सभ्य शब्द कुष्ठरोग असा आहे व तोच वापरावा हें बरें. जुन्या शब्दानें माणसाला जो डाग लागतो तो औषधानेंही धुवून जात नाहीं. लेवीयाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या विकाराचें वर्णन आहे तो वस्त्रांना व घरांच्या भिंतींनाही लागतो, असें तेथें सांगितलें आहे. त्यावरून हा शब्द अनेक विकारांना लावीत असें दिसतें. तेव्हां तो अध्याय वाचून शेजाऱ्याच्या रोगाची परीक्षा करूं नये.

भाऊ दाजींच्या तारुण्यांत या रोगाचें मूळ कोणालाच ठाऊक नव्हतें. आपले लोक त्याला पूर्वजन्मींच्या पापाचें फळ म्हणत. युरोपांतील विद्वान तो आईबापांकडून येतो असें म्हणत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें १८६७ सालीं मोठा अहवाल छापून तो संसर्गजन्य नाहीं असा निर्वाळा दिला. औषध तर नव्हतेंच. मुंबईच्या रस्त्यांवर बोटें झडलेलीं माणसें भीक मागत बसत, व डॉक्टर लोक त्यांच्या जखमा बांधण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नसत.

भाऊंनीं येथें दुसराच मार्ग धरला. ते कॉलेजांत इंग्रजी वैद्यक शिकले होते, पण संस्कृतांतील वैद्यक ग्रंथही त्यांनीं बारकाईनें पाहिले. आणि जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींची स्तुति आहे त्या खरोखर गुण देतात कीं नाहीं, हें रोग्यांवर वापरून पाहण्याचा क्रम ठेविला. सुश्रुताच्या ग्रंथांत पश्चिम समुद्राच्या कांठीं वाढणाऱ्या तुवरक नांवाच्या झाडाचें तेल कुष्ठावर सांगितलें आहे. तेंच आपलें कडू कवठ. त्याला खष्ट असेंही म्हणतात, आणि संस्कृतांत कुष्ठवैरी असें आणखी एक नांव आहे. सह्याद्रीच्या ओल्या रानांत, ओढ्यांच्या कडेला हें झाड होतें. फळ गोल व कठीण सालीचें. आंत गरांत बिया असतात व त्या बियांतून तेल निघतें. गोमंतकांत व कोंकणांत चिवट त्वचारोगांवर हें तेल लावण्याची चाल जुनी होती. म्हणजे मांद्रें गांवचा मुलगा मुंबईस जाऊन मोठा डॉक्टर झाला, आणि शेवटीं ज्या औषधाशीं त्याचें नांव जोडलें गेलें तें त्याच्याच मुलखांतील रानांत होतें.

कुष्ठरोग्यांवर त्यांनीं वर्षांनुवर्षें प्रयोग केले. चट्टे फिके पडतात, व्रण भरतात, असा अनुभव येऊं लागल्यावर त्यांची कीर्ति पसरली व दुरून दुरून रोगी येऊं लागले. परंतु हें औषध कोणतें, तें कसें व किती द्यावें, याची कृति त्यांनीं वैद्यमंडळींपुढें मांडली नाहीं. यावरून त्यांच्यावर टीका झाली. त्यांच्या मागें डॉक्टरांत त्याचा उल्लेख भाऊ दाजींचें गुप्त औषध असाच होत असे, आणि तें कडू कवठाचें तेल होतें असें मानलें जाऊं लागलें.

त्यांच्या या मौनाचें मला नेहमीं नवल वाटतें. अर्धवट सिद्ध झालेलें औषध बाहेर गेलें तर भोंदू लोक तें बाजारांत मांडतील व रोग्यांचे हाल होतील, ही भीति कोणत्याही शहाण्या माणसास वाटावी. पण आपल्याकडील वैद्याचें घराणें औषध मुलाला सांगतें, जांवयाला नाहीं, ती जुनी खोडही मला येथें दिसते. महाराजांच्या खटल्यांत जो मनुष्य सर्व मुंबईसमोर बोलला, तो येथें बोलला नाहीं. त्यांची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. पण चरित्र लिहावयाचें तर हेंही लिहिलें पाहिजे.

३१ मे १८७४ रोजीं भाऊ दाजी वारले. वय पन्नाशीच्या जरा पुढें. त्यांच्या शेवटच्या दीड वर्षांत या रोगाचा इतिहासच बदलत होता. १८७३ सालीं नॉर्वे देशांत आर्मावर हॅन्सेन या डॉक्टरानें रोग्यांच्या गांठींतून काढलेल्या द्रवांत काडीसारखे सूक्ष्म जंतु पाहिले. भाऊंच्याच ग्रँट कॉलेजांत शिकविलेले डॉ. व्हँडाइक कार्टर त्याच सालीं नॉर्वेला गेले होते. आणि १८७४ सालींच, पंजाबांत अंबाल्यास कुष्ठरोगी पाहून आलेल्या वेल्स्ली बेली यांनीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं मित्रमंडळी जमवून कुष्ठरोग्यांसाठीं मिशन सुरू केलें. या तिघांची व भाऊंची विद्या एकत्र आली असती तर काय झालें असतें, असा विचार मनांत येतो. पण तसें घडलें नाहीं.

कडू कवठाचें तेल मात्र मेलें नाहीं. पोटांत घेतल्यास तें फार मळमळ आणी. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं तें सुईनें टोंचण्याची रीत निघाली. १९२० नंतर मिशनच्या आश्रमांतून हजारो रोग्यांनीं तीं टोंचणीं सोसलीं. कित्येकांस त्यानें आराम पडे, पण रोगाचें मूळ नष्ट होईलच असें नसे. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें सल्फोन जातीचें औषध प्रथम वापरलें गेलें, आणि पुढें डॅप्सोनच्या गोळ्या आल्यावर तेलाचें काम संपलें. कांहीं वर्षांनीं जंतु एकट्या डॅप्सोनला दाद देईनात. तेव्हां १९८० नंतर जागतिक आरोग्य संघटनेनें तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति ठरविली. सौम्य रोगास सहा महिने, पसरलेल्या रोगास बारा महिने. १९९५ पासून तीं औषधें जगभर विनामूल्य मिळतात.

उपदेशकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. हा जंतु फार मंद वाढतो. एकाचे दोन व्हावयास त्याला बारा-चौदा दिवस लागतात, म्हणून रोग दिसावयास पांच, कधीं वीस वर्षेंही जातात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात आणि तो त्वचेजवळील मज्जातंतूंत शिरतो. कोपराजवळील तंतु बिघडला म्हणजे करंगळी वळते व स्पर्श जातो. बोटें जंतु खात नाहीं. स्पर्श गेलेला हात भाजतो, कापतो, पिकतो, आणि मग झडतो. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडांतील तुषारांवाटे, फार दिवसांच्या सहवासानें, तो दुसऱ्यास लागतो. आणि शंभरांतील पंचाण्णव माणसांचें शरीर त्याला मुळीं थाराच देत नाहीं. औषध सुरू केल्यावर थोडक्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण्याचें भय राहत नाहीं. ताट वेगळें करण्याचें कारण नाहीं. प्याल्याचेंही नाहीं. मात्र ज्या तंतूची शक्ति पूर्ण गेली ती पुष्कळदां परत येत नाहीं, म्हणून फिकट, बधिर चट्टा झांकून ठेवणें हाच मोठा धोका आहे. उपदेशकांनीं डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापसाची वात फिरवून पाहावी. स्पर्श कळला नाहीं तर त्या माणसाला त्याच आठवड्यांत आरोग्य केंद्रांत न्यावें. २००५ सालीं हा रोग देशांत दहा हजारांत एकाहून कमी झाला असें जाहीर झालें, तरी अजून दरवर्षीं लाखाच्या आसपास नवे रोगी आपल्या देशांत सांपडतात. जगांतील निम्म्याहून अधिक आपलेच.

आणखी एक गोष्ट लग्नें लावणाऱ्या पाळकांनीं ध्यानांत ठेवावी. नवराबायकोपैकीं एकास कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागण्याची जी तरतूद आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यांतही होती, ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली.

विड्या वळणाऱ्या त्या बाईला बारा महिन्यांचें औषध सुरू झालें आहे. प्रत्येक पाकीट अठ्ठावीस दिवसांचें असतें. एका गोळीनें लघवी लाल होते व दुसरीनें कातडी काळवंडते, म्हणून ती प्रथम घाबरली होती. आशाताईंनीं समजूत घातल्यावर धीर आला. गेल्या महिन्यांत मी गेलों तेव्हां तिच्या मुलानें पांचवें पाकीट आणून मला दाखविलें व त्यावर छापलेलीं तिन्ही औषधांचीं नांवें व वजनें मोठ्यानें वाचून दाखविलीं: रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन. करंगळी अजून वांकडीच आहे. प्रभुभोजनाच्या वेळीं ती उपदेशकांच्या पत्नीशेजारीं बसली होती, आणि प्याला तिच्याकडून पुढें गेला.