कल्याणच्या आनंदीबाईंचा अर्ज

दिव्याहून चौथं स्टेशन कल्याण. डॉ. आनंदीबाई जोशी तिथेच वाढल्या. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी बाळ झालं, दहा दिवसांत गेलं. तेव्हापासून डॉक्टर व्हायचं मनात बसलं. शिक्षण बरंचसं घरी, पती गोपाळरावांकडे. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला. प्रवेशाच्या सगळ्या अटींत कदाचित बसणार नाही, हे साफ लिहिलं. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी शिकायचंय, हेही लिहिलं. (आपल्या घरांत हे वेगळं समजावायला नको.) प्रवेश मिळाला. मुलीचं वय आणि दाखलाच आधी बघणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा अर्ज जरूर वाचावा. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात इंतकाल झाला, वय अवघं एकवीस. रुजू होणं राहूनच गेलं.